हात न हलवणारा पाहुणा

काही वर्षांपूर्वी चाकणजवळच्या एका कारखान्याचं आयटीचं काम मी बघत होते. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. आवाज ओळखीचा होता, नाव मात्र चटकन आठवेना. "मॅडम, मी पूर्वी तुमच्याकडे डायच्या कामासाठी यायचो," तो म्हणाला. "ती कंपनी सोडून मला दीड वर्ष झालं. पण तुमच्या त्या ग्रुपमधून मला कुणी काढलंच नाही. अजून रोज मेसेज येतात. आता मी जिथे आहे, ते लोक तुमच्याच गिऱ्हाइकाला माल देतात. उद्या काही कमी-जास्त झालं तर माझ्यावर नको यायला. तेवढं मला काढून टाका."

डबा तसाच ठेवून मी लॅपटॉप उघडला. ग्रुपला एका पार्टचं नाव होतं. सदस्य तेवीस. यादीच्या तळाशी तो होता, खासगी जीमेलच्या पत्त्यासह, नावापुढे 'गेस्ट' अशी बारीक अक्षरं. दीड वर्षाचा मजकूर मी नुसता वरवर चाळला, तरी मला घाम फुटला. ड्रॉइंगच्या तीन सुधारित आवृत्त्या होत्या, रिजेक्शनचे फोटो होते, गिऱ्हाइकाशी दरावरून चाललेली घासाघीस होती. परचेसच्या साहेबांनी दुसऱ्या व्हेंडरचं कोटेशन टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आपल्यातच ठेवा.' त्या 'आपल्यात' हा गृहस्थही होता, आणि उरलेल्या बावीस जणांपैकी एकाच्याही ते लक्षात नव्हतं.

याच कारखान्याच्या गेटवर काय चालायचं, तेही सांगते. बाहेरून कुणीही आलं की वॉचमन रजिस्टरमध्ये नाव लिहून घ्यायचा. कुणाकडे काम आहे, गाडीचा नंबर काय, आत आल्याची वेळ काय, हे सगळं गेट पासवर यायचं. ज्याच्याकडे काम असेल त्याने पासवर सही करायची आणि पाहुण्याने जाताना तो पास गेटवर परत द्यायचा. संध्याकाळी पाळी बदलताना वॉचमन पास मोजायचा. एखादा कमी भरला तर सुपरवायझर हातात बॅटरी घेऊन शेडमागे बघून यायचा. दारातून आलेल्या माणसाची एवढी काळजी घेणाऱ्या कंपनीने पडद्यातून आलेल्या माणसाला दीड वर्ष पासाशिवाय आत ठेवलं होतं. हे पुस्तक त्या दुपारी डोक्यात सुरू झालं.

पुस्तकाचा विषय एका वाक्यात सांगता येतो. कामाच्या चॅटमध्ये आणि ऑनलाइन बैठकीत आपण बाहेरच्यांना बोलावतो, त्यांना बोलवावं कसं, आत किती येऊ द्यावं आणि काम झाल्यावर निरोप कसा द्यावा. बाहेरचे म्हणजे व्हेंडर, गिऱ्हाईक, सीए, वकील, ऑडिटर, जॉब वर्कवाले, मुलाखतीला आलेले उमेदवार. कोणतंही ऑफिस यांच्याशिवाय एक दिवस चालत नाही. म्हणून 'बाहेरच्यांना घेऊच नका' असा सल्ला या पुस्तकात कुठेही सापडणार नाही.

हा प्रश्न इतका मोठा झाला तो २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये. टाळेबंदी लागली आणि रातोरात सगळ्यांच्या बैठका पडद्यावर आल्या. २०१९ च्या डिसेंबरात झूमवर दिवसाला साधारण १ कोटी लोक बैठकांना हजेरी लावत. २०२० च्या एप्रिलमध्ये ती हजेरी ३० कोटींवर गेली. एकच माणूस दिवसात पाच बैठकांना बसला तर पाच वेळा मोजला जातो, हे धरूनही चार महिन्यांतली ती वाढ अफाट होती. दारं भराभर उघडली गेली, कड्या बसवायला सवड कुणालाच नव्हती. ३१ मार्चला ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी मंत्रिमंडळाच्या ऑनलाइन बैठकीचं छायाचित्र मोठ्या कौतुकाने ट्विटरवर टाकलं. कोपऱ्यात बैठकीचा आयडी स्पष्ट वाचता येत होता. शाळांच्या वर्गांत, प्रार्थनासभांत, पीएचडीच्या तोंडी परीक्षांत अनोळखी लोक घुसून अश्लील चित्रं दाखवू लागले आणि त्या प्रकाराला 'झूमबॉम्बिंग' हे नाव पडलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झूमने फुकट वापरणाऱ्यांसाठी पासवर्ड आणि वेटिंग रूम आपणहून चालू केली. त्याच महिन्यात आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने पत्रक काढलं. सरकारी कामासाठी झूम वापरू नका, आणि खासगी कामासाठी वापरणार असाल तर दर बैठकीला नवा आयडी आणि पासवर्ड घ्या, वेटिंग रूम चालू ठेवा, होस्ट येण्याआधी कुणाला आत येऊ देऊ नका, स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे ठेवा, असं त्यात सांगितलं होतं. ते पत्रक आज वाचलं तरी त्यातली एकही सूचना शिळी वाटत नाही. गेटवरच्या वॉचमनला जे पाठ असतं, तेच त्यात कागदावर उतरवलेलं आहे.

त्यानंतरची एक घटना मी माझ्या प्रशिक्षण वर्गांत दर वेळी सांगते. २० नोव्हेंबर २०२० रोजी युरोपीय संघाच्या संरक्षणमंत्र्यांची व्हिडिओ बैठक होती. नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्री आंक बैलेफेल्ड यांचा त्या बैठकीला बसल्याचा फोटो ट्विटरवर आला. फोटोत त्यांच्या पुढ्यातला पडदा दिसत होता. पडद्यावर बैठकीचा पत्ता होता आणि सहा आकडी पिनचे पाच आकडे होते. आरटीएल वाहिनीचा पत्रकार दानिएल फर्लान याने उरलेला एक आकडा थोड्या प्रयत्नांत जुळवला, आणि तो थेट मंत्र्यांच्या मधोमध प्रकट झाला. तो हसला, त्याने हात हलवला. परराष्ट्र धोरणाचे प्रमुख जोसेप बोरेल यांनी त्याला विचारलं, तुम्ही कोण. त्याने सांगितलं, मी नेदरलँड्सचा पत्रकार, बैठकीत अडथळा आणल्याबद्दल माफ करा. हा गुन्हा आहे, पोलिस यायच्या आत बाहेर पडा, अशी समज त्याला मिळाली आणि तो निघून गेला. बैठक तिथेच थांबवावी लागली.

वर्गात हे ऐकून लोक हसतात. हसू ओसरलं की मी विचारते, त्याने हात हलवला नसता तर? कॅमेरा बंद ठेवून, एखाद्या मंत्रालयाचं नाव लावून तो कोपऱ्यात बसून राहिला असता तर? वर्ग गप्प होतो.

पुढे २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत जे घडलं, ते सगळ्या जगाने वाचलं. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी सिग्नल अ‍ॅपवर येमेनमधल्या हल्ल्यांबद्दल वरिष्ठ मंत्र्यांचा ग्रुप केला आणि त्यात 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना जोडून टाकलं. १५ मार्चला हल्ल्यांच्या वेळा आणि कोणती विमानं कधी उडणार, हे त्या ग्रुपवर आलं. काही वेळाने बातमीत खरोखरच स्फोट झाल्याचं कळलं, तेव्हा गोल्डबर्ग यांना खात्री पटली की हा ग्रुप खरा आहे. ते आपणहून बाहेर पडले. ते आत होते हेही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं आणि गेले हेही आलं नाही. त्यांचा नंबर मोबाइलमध्ये चुकून दुसऱ्याच एका अधिकाऱ्याच्या नावाखाली साठवला गेला होता, असं नंतर वृत्तपत्रांत आलं. सिग्नलचं कुलूप कुणी फोडलं नव्हतं, एन्क्रिप्शन जागच्या जागी शाबूत होतं. घरच्यांनीच दार उघडून भलत्याला आत घेतलं होतं.

चाकणचा फोन, युरोपीय संघाची बैठक आणि वॉशिंग्टनचा ग्रुप या तिन्हींत मला एकच गोष्ट दिसते. गफलत उघडकीला आली ती पाहुण्याच्या सांगण्यावरून. एकाने फोन केला, दुसऱ्याने हात हलवला, तिसऱ्याने बाहेर पडून लेख लिहिला. यजमानांपैकी एकानेही स्वतः शोध लावला नाही. म्हणजे या तिन्ही ठिकाणी सुरक्षा उभी होती ती पाहुण्याच्या सचोटीवर. सचोटी मोलाची आहे, त्या फोनबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. पण आपल्या गिऱ्हाइकाची ड्रॉइंग आणि आपल्या कामगारांच्या पगाराच्या याद्या परक्याच्या सचोटीवर सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. या पुस्तकाचं सगळं म्हणणं या एका मुद्द्यावर उभं आहे. आत कोण आहे, हे यजमानाला पाहुण्याच्या आधी ठाऊक हवं.

हात न हलवणाऱ्या पाहुण्यांचे दोन प्रकार आहेत. एक, परका जो गुपचूप बसून ऐकतो. दुसरा त्याहून वाईट, जो आपल्याच माणसाचं सोंग घेऊन येतो. अरुप ही पूल आणि इमारतींचे आराखडे करणारी ब्रिटिश कंपनी. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं अभियांत्रिकी काम तिचंच. तिच्या हाँगकाँग कार्यालयातल्या हिशेब विभागातल्या एका कर्मचाऱ्याला २०२४ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या वित्तप्रमुखाच्या नावाने एका गुप्त व्यवहाराचा निरोप आला. त्याला शंका आली, ही फसवणूक असेल असंही वाटलं. मग त्याला व्हिडिओ बैठकीला बोलावलं गेलं. तिथे वित्तप्रमुख होते, इतर ओळखीचे सहकारी होते. चेहरे तेच, आवाज तेच. शंका मावळली. त्याने १५ वेळा मिळून पाच बँक खात्यांत २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. पुढे मुख्य कार्यालयाकडे चौकशी केली तेव्हा कळलं की त्या बैठकीत खरा माणूस तो एकटाच होता. बाकीचे चेहरे आणि आवाज संगणकाने बनवलेले होते.

आपल्याकडेही हे लांब राहिलेलं नाही. २०२४ च्याच ऑगस्टमध्ये लुधियानाच्या एका नामवंत उद्योगपतींपुढे स्काइपवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली गेली, आणि त्यांचे सात कोटी रुपये गेले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत घुसून कुणीतरी अश्लील चित्रफिती दाखवल्या. मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांना व्हिडिओ सुनावण्या आणि थेट प्रक्षेपण काही काळ थांबवावं लागलं. एकीकडे खऱ्या न्यायालयात खोटा पाहुणा शिरला, दुसरीकडे खऱ्या पाहुण्यापुढे खोटं न्यायालय उभं राहिलं. दोन्हीकडे चुकली ती ओळख पटवण्याची पायरी.

चेहरा आणि आवाज ही ओळखीची खूण राहिलेली नाही, हे मनाला पटवणं जड जातं. आपण पिढ्यान्‌पिढ्या माणूस डोळ्यांनी ओळखत आलो. म्हणून पैशांची, बँक खात्याच्या बदलाची किंवा पासवर्डची गोष्ट निघाली की बैठक बाजूला ठेवा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः उलट फोन लावा. समोरच्याने दिलेल्या नंबरवर लावू नका. हा नियम मी या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत चार वेळा लिहिला आहे. संपादकांनी तीन ठिकाणचा काढायला सुचवलं होतं. मी चारही ठेवले.

आता थोडं कामकाजाविषयी, कारण पुस्तकाचा मोठा भाग त्याचाच आहे. चॅट आणि बैठक यांची नावं आपण एका दमात घेतो, पण पाहुण्याच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या जागा आहेत. बैठक तासाभराने संपते. तिथे जपायचं असतं ते दार. चॅट संपत नाही. तिथे जपायच्या असतात त्या भिंती, कारण चॅटमध्ये आलेल्या माणसाला आजच्या बोलण्याबरोबर कालचा इतिहासही मिळतो. स्लॅकच्या चॅनेलमध्ये नव्याने आलेला सदस्य वर सरकत गेला की जुनं संभाषण वाचू शकतो. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये बाहेरच्याला एखाद्या टीमचा गेस्ट केलं की त्या टीमची सगळी साधी चॅनेल्स आणि त्यांतल्या फाइली त्याच्यापुढे उघड्या होतात. प्रायव्हेट चॅनेल तेवढं बंद राहतं. 'त्या एका फाइलीसाठी त्याला अ‍ॅड केलं' असं आपण सहज म्हणतो, आणि त्याच्या हातात अख्ख्या कपाटाची किल्ली देतो. पुस्तकातलं तिसरं प्रकरण सांगतं की पाहुण्यांसाठी वेगळं चॅनेल आधी करायचं आणि मग पाहुणा बोलवायचा. चालू ग्रुपमध्ये त्याला कधी घुसवायचं नाही. पहिल्या वेळी पाच मिनिटं जास्त लागतात, तेवढंच.

टीम्समध्ये आणखी एक भेद आहे, आणि वर्गात तो समजावताना सगळ्यांत जास्त वेळ जातो. गेस्ट म्हणजे ज्याचं खातं आपल्या यादीत नोंदलेलं आहे आणि जो आपल्या टीममध्ये येऊन बसतो. एक्स्टर्नल म्हणजे जो स्वतःच्याच कंपनीच्या खात्यावरून आपल्या माणसाला थेट मेसेज टाकतो, आपल्या टीममध्ये न येता. पहिल्याचा धोका हा की तो विसरला जातो. दुसऱ्याचा धोका हा की तो कुणीही असू शकतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की रशियाशी संबंधित एका टोळीने छोट्या कंपन्यांची हॅक झालेली खाती वापरून, आयटी सपोर्टसारखी भासणारी नावं घेऊन, टीम्सवर लोकांना मेसेज टाकले आणि मोबाइलवर आलेली लॉगिनची विनंती त्यांच्याकडून मंजूर करवून घेतली. अशा संस्थांची संख्या चाळिशीच्या आत होती, पण सरकारी आणि तंत्रज्ञान क्षेत्रातल्या संस्था त्यांत होत्या. ईमेलवर अनोळखी पत्र आलं तर आपण आता दचकतो. चॅटमध्ये आलेला मेसेज मात्र घरातलाच वाटतो. त्या घरगुतीपणावर चोरांची नजर आहे. म्हणून कोणकोणत्या कंपन्यांकडून मेसेज येऊ द्यायचे त्याची यादी अ‍ॅडमिनने बांधून ठेवावी, आणि आपल्या आयटीचा माणूस 'एक्स्टर्नल' असा शिक्का लागून कधीच येणार नाही, हे नोकरीच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगावं.

बैठकीचं दार म्हणजे लिंक. लिंकबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे, की पासवर्ड लावला म्हणजे दार बंद झालं. झूमच्या आमंत्रणाच्या लिंकमध्ये पासवर्ड बहुतेक वेळा गुंफलेलाच असतो. लिंक ज्याच्या हाती, तो पासवर्ड न टाकता आत येतो. मग ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड होत होत कुठवर जाईल, त्याचा हिशेब नाही. २०२० च्या फेब्रुवारीत तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांच्या आमंत्रणाच्या लिंकाच गुगलच्या शोधात सापडत होत्या, कारण कुणीतरी त्या उघड्या पानांवर चिकटवल्या होत्या. लिंक हा पत्ता आहे, ओळखपत्र नव्हे. ओळख पटवायची जागा म्हणजे लॉबी किंवा वेटिंग रूम, आणि ती पटवणारा माणूस म्हणजे होस्ट.

आता होस्टच्या खुर्चीत बसून बघू या. अकराची बैठक. अकराला दोन मिनिटं असताना वेटिंग रूममध्ये सहा नावं उभी आहेत. चार ओळखीची. पाचवं 'आयफोन'. सहावं 'गॅलॅक्सी ए५२'. वरिष्ठ म्हणतात, "घ्या हो सगळ्यांना, उशीर होतोय." होस्टचा हात 'अ‍ॅडमिट ऑल'कडे जातो. सगळी सुरक्षा, सगळी महागडी लायसन्सं, त्या क्षणी त्या एका बोटावर असतात. आमच्या वर्गात आम्ही या क्षणाची तालीम करतो. चौघांना एकेक करून घ्यायचं. उरलेल्या दोघांना वेटिंग रूममध्येच मेसेज टाकायचा, 'कृपया पूर्ण नाव आणि कंपनीचं नाव लिहून पुन्हा या.' वरिष्ठांना सांगायचं, "सर, एक मिनिट, दोघांची नावं कळत नाहीत." हे वाक्य साधं आहे, पण कनिष्ठ कर्मचाऱ्याला ते म्हणायला धीर लागतो. तो धीर त्याला वरिष्ठांनी आधीच दिलेला असायला हवा. ज्या ऑफिसात हे एक वाक्य न घाबरता म्हणता येतं, तिथलं निम्मं काम झालेलं असतं.

लिंकचा दुसरा घोटाळा रोजचा आहे. परचेसमधला माणूस सोयीसाठी आपली एकच कायमची लिंक सगळ्यांना देतो. अकरा वाजता एक व्हेंडर, साडेअकराला दुसरा. पहिल्याशी बोलणं लांबतं, दुसरा शिस्तीचा असल्यामुळे अकरा वीसलाच येतो. पुढची दहा मिनिटं तो पहिल्याचा दर ऐकतो, आणि आपला दर त्यानुसार बदलतो. यात हॅकर कुणीच नाही, कायदाही कुणी मोडलेला नाही. नुकसान मात्र रोख झालं, आणि पहिल्या व्हेंडरचा आपल्यावरचा विश्वास गेला. उपाय एवढाच, की दर बैठकीला नवी लिंक काढायची आणि सगळे आले की बैठक लॉक करायची.

गेल्या काही वर्षांत एक नवाच पाहुणा येऊ लागला आहे. बैठक सुरू झाली की कुणाचा तरी 'नोटटेकर' शिरतो. माणूस आलेला नसतो, त्याचा बॉट आलेला असतो. तो शब्द न्‌ शब्द टिपतो आणि कुठल्या तरी तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतो. बोलावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मिनिट्स लिहायचा त्रास वाचतो. पण त्या खोलीतल्या इतरांनी त्याला होकार दिलेला नसतो. रेकॉर्डिंगचंही तेच. पाहुणा तासाभराने जातो, रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं राहतं, आणि त्याची लिंक पुन्हा कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. आठवं प्रकरण पूर्ण याच विषयाला दिलं आहे. त्यातला आमचा आग्रह असा, की रेकॉर्डिंग किंवा बॉट चालू करण्याआधी तोंडी विचारावं, आणि एकानेही नको म्हटलं तर बंद ठेवावं.

आपलाच माणूस भलत्या दाराने आला तरी घात होतो. २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मन हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची टॉरस क्षेपणास्त्रांवरची वेबेक्स बैठक रशियाच्या हाती लागली आणि १ मार्चला तिचं ध्वनिमुद्रण जगजाहीर झालं. एक अधिकारी सिंगापूरमधल्या हॉटेलातून असुरक्षित जोडणीवरून बैठकीत आला होता, असं जर्मन संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं. आपल्याकडे एअरपोर्टच्या फुकट वाय-फायवरून बोर्ड मीटिंगला बसणारे साहेब कमी नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण लिहिलं आहे. ते छोटं आहे, प्रवासात वाचून होईल.

कायद्याचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण दंडाच्या भीतीने शिकलेली सवय टिकत नाही. तरी दोन गोष्टी माहीत हव्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. पाहुणा कधी आला, काय उघडलं, कधी गेला, याची नोंदच नसेल तर सहा तासांत कळवणार काय? दुसरं, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती जपण्याचे वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चॅटमध्ये सहज टाकलेली आधार कार्डं, पगाराच्या याद्या, मेडिकल रिपोर्ट ही सगळी वैयक्तिक माहितीच आहे.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो, आणि तो खरा आहे. फार जाचक नियम केले की लोक व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. भोसरीतल्या छोट्या जॉब वर्कवाल्याला तुमच्या सिस्टीमवर येण्यासाठी तीन फॉर्म आणि दोन ओटीपी लागत असतील, तर तो सुपरवायझरच्या खासगी नंबरवर ड्रॉइंग मागवेल, आणि तिथे मग कुणाचंच लक्ष राहणार नाही. म्हणून या पुस्तकातला प्रत्येक नियम मी त्या जॉब वर्कवाल्याच्या बाजूने तपासला आहे. त्याला आत यायला पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर नियम बदला, असं स्पष्ट लिहिलं आहे. पाहुण्याला मान देऊन आत घेणं आणि त्याची नोंद ठेवणं यांत विरोध नाही. गेट पास लिहिणारा वॉचमन पाण्याचा ग्लासही पुढे करतो.

नोंद ठेवली की पाहुण्याचंही भलं होतं, हे मला त्या फोनने शिकवलं. तो माणूस घाबरलेला होता. आपल्याला नको असलेली गुपितं दीड वर्ष त्याच्या मोबाइलवर येत राहिली होती, आणि कधी काही फुटलं असतं तर पहिलं बोट त्याच्याकडे गेलं असतं. वेळेवर निरोप मिळणं हा त्याचा हक्क होता आणि आम्ही तो दिला नाही. स्लॅकमध्ये गेस्टला बोलावतानाच त्याच्या मुक्कामाची शेवटची तारीख घालता येते. जिथे ती सोय नाही, तिथे दर तीन महिन्यांनी गेस्टची यादी काढून प्रत्येक नावापुढे त्याला बोलावणाऱ्याची सही घ्यावी. ज्याच्या नावापुढे सही करायला कुणी पुढे येत नाही, तो बाहेर. गेटवरच्या रजिस्टरची पद्धत इथे जशीच्या तशी उतरली आहे. मला ती सुचली नाही, वॉचमनकडून मी ती घेतली.

हे पुस्तक आयटीवाल्यांपेक्षा बाकीच्यांसाठी आहे. बैठका लावणारी सेक्रेटरी, परचेसचा असिस्टंट, एचआरमधली नवी मुलगी, शाळेचे मुख्याध्यापक, सोसायटीची सभा ऑनलाइन घेणारे चिटणीस यांच्यासाठी. कारण लिंक तेच पाठवतात, 'अ‍ॅडमिट'वर बोटही त्यांचंच असतं. सेटिंगच्या जागा कंपन्या अधूनमधून बदलतात, तेव्हा एखादं बटण सांगितलेल्या ठिकाणी सापडलं नाही तर प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेलं कारण वाचा. काय बंद करायचं आणि का, हे कळलं की बटण शोधता येतं.

शेवटी एक विनंती. पहिलं प्रकरण उघडण्याआधी तुमच्या कामाचा एक ग्रुप उघडा, ज्यात तुम्ही रोज बोलता तो. सदस्यांची यादी पार तळापर्यंत न्या. प्रत्येक नावापाशी थांबा आणि हा माणूस आज इथे कशासाठी आहे, ते स्वतःला सांगा. एखाद्या नावापाशी सांगता आलं नाही, तर त्याला फोन करा. तो तुम्हाला करण्याची वाट बघू नका.